माशावर चालणारी गाडी

डेन्मार्कने डिसेंबर २०२४मध्ये आपल्या अखत्यारीतल्या ग्रीनलँड बेटाच्या संरक्षणासाठी वाढीव तरतूद जाहीर केली. यादीत नवी गस्ती जहाजं होती, लांब पल्ल्याचे ड्रोन होते आणि कुत्र्यांच्या गाडीची दोन जादा पथकंही होती. अमेरिकेचे अध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी नेमकी ती शेवटची बाब पकडली. ग्रीनलँडचं रक्षण म्हणजे कुत्र्यांच्या दोन गाड्या, अशा अर्थाची त्यांची टिंगल तेव्हापासून अधूनमधून बातम्यांत येत असते.

आपल्यापैकी बहुतेकांनी कुत्र्यांची गाडी फक्त चित्रात पाहिलेली असते, त्यामुळे ही टिंगल पटकन पटतेही. पण शंभर वर्षांपूर्वी अलास्कात, कॅनडाच्या उत्तरेत आणि ग्रीनलँडमध्ये हिवाळ्यातली बहुतेक कामं याच गाडीवर चालत. टपाल तिच्यावर यायचं, पोलीस तिच्यावरून गस्त घालायचे, शिकार, सरपण, व्यापाराचा माल, आजारी माणूस, सगळं तिच्यावरूनच जायचं. ते कसं जमत होतं, याचं उत्तर कुत्र्यांच्या ताकदीत थोडं आणि त्यांच्या खाण्यात बरंच आहे.

## हिवाळ्यात रस्ते बंद होतात ना?

उलट, तिथे ते हिवाळ्यातच उघडतात. हे एकदा लक्षात आलं की पुढचं सोपं जातं.

उत्तर ध्रुवाजवळच्या या प्रदेशात जमिनीखालचा थर बारमाही गोठलेला असतो. उन्हाळ्यात वरचा हात-दोन हात भाग वितळतो आणि पाणी खाली मुरू शकत नसल्यामुळे सगळीकडे दलदल होते. गुडघाभर चिखल, वर डासांचे थवे. नदी असेल तर होडी चालते, नदी सोडून आत जायचं म्हटलं की प्रवास संपला.

मग थंडी पडते, दलदल दगडासारखी होते आणि तीन हजार किलोमीटरहून लांब असलेल्या युकॉनसारख्या नदीचा सपाट रस्ता होतो. किनाऱ्यावर समुद्रच गोठतो. जिथे उन्हाळ्यात वळसा घालून जावं लागायचं, तिथे सरळ खाडी ओलांडता येते. अडकून पडायची वेळ येते ती वर्षातून दोनदाच: बर्फ धरत असताना आणि बर्फ फुटत असताना. त्या आठवड्यांत होडीही चालत नाही आणि गाडीही नाही.

शिवाय ज्या कामासाठी हिंडायचं, तेही हिवाळ्याचंच. मार्टेन, कोल्हा अशा प्राण्यांची लव थंडीत दाट होते, कातड्याला भाव तेव्हाच मिळतो. म्हणजे सापळे लावणाऱ्या माणसाची कमाईची वेळ उणे तीस अंशांत येते.

## ही पद्धत किती जुनी?

सैबेरियाच्या उत्तरेला समुद्रात झोखोव नावाचं बेट आहे. तिथे सुमारे साडेनऊ हजार वर्षांपूर्वीच्या वस्तीत कुत्र्यांची हाडं आणि स्लेजचे भाग मिळाले आहेत. (स्लेज म्हणजे चाकांऐवजी दोन लांब पट्ट्यांवर घसरणारी गाडी.) त्याच वस्तीत ज्वालामुखीच्या काचेची हत्यारं सापडली आणि ती काच सुमारे दीड हजार किलोमीटरवरून आलेली आहे. झोखोवच्या कुत्र्याचं जनुकीय विश्लेषण २०२० साली प्रसिद्ध झालं. आजच्या ग्रीनलँडमधल्या गाडीच्या कुत्र्यांशी त्याचं जवळचं नातं निघालं.

अमेरिका खंडाच्या बाजूला या गाडीचा मोठा प्रसार केला तो थुले लोकांनी. आजच्या इनुइट लोकांचे हे पूर्वज. सुमारे आठशे ते हजार वर्षांपूर्वी ते अलास्कातून निघून पार ग्रीनलँडपर्यंत पसरले, आणि त्यांच्याबरोबर कुत्रीही गेली.

मात्र उत्तरेत सगळीकडे पूर्वापार मोठाल्या टीम होत्या असं समजू नये. अलास्काच्या आतल्या जंगलपट्ट्यात राहणारे अथाबास्कन लोक मोजकीच कुत्री पाळत. ती पाठीवर ओझं वाहत, गाडी बरेचदा माणसंच ओढत. तिथे पाच-सात कुत्र्यांची टीम रूढ झाली ती फरचा व्यापार वाढल्यावर, एकोणिसाव्या शतकात. कारण साधं आहे. जास्त कुत्री म्हणजे जास्त खाणारी तोंडं, आणि तेवढं खाऊ घालून परवडेल असं काम व्यापारानंच आणलं.

## घोडा का नाही? रेनडिअर का नाही?

घोड्यांचा प्रयोग झाला. कॅनडाच्या क्लोंडाइक भागात सोनं सापडल्याची बातमी १८९७ मध्ये पसरल्यावर हजारो लोक घोडे घेऊन व्हाइट पास या घाटातून निघाले. त्या वाटेवर सुमारे तीन हजार घोडे मेले. त्या भागाला मेलेल्या घोड्यांची वाट हेच नाव पडलं.

घोड्याचं वजन त्याच्या बारीक खुरांवर पडतं, त्यामुळे भुसभुशीत बर्फात तो पोटापर्यंत रुततो. त्याला अंगभर घाम येतो आणि तो घाम अंगावरच गोठतो. रात्री त्याला आडोसा लागतो. आणि मुख्य म्हणजे त्याला चारा लागतो, जो तिथे हिवाळ्यात औषधालाही मिळत नाही.

कुत्रा हलका. पंजे पसरट. उष्णता बाहेर टाकायची ती मुख्यतः धापा टाकून, त्यामुळे अंगावरची लव कोरडी राहते. रात्री बर्फात खड्डा करून, शेपूट नाकावर घेऊन तो झोपतो. वर बर्फ साचला तर उलट ऊब वाढते.

रेनडिअरचा पर्याय खरा होता. सैबेरियात त्यांना जुंपतातच, आणि अमेरिकन सरकारने १८९२ पासून अलास्कातही ते आणवले. पण रेनडिअर दगडफुलासारख्या लायकेनवर जगतो. म्हणजे मुक्काम तिथेच करावा लागतो जिथे बर्फाखाली लायकेन आहे, आणि चरण्यासाठी वेळही द्यावा लागतो. वाटेत कुत्री भेटली तर तो वेगळाच गोंधळ.

## खरं इंधन: मासा

माझ्या मते सगळ्यात कमी सांगितला जाणारा भाग हा आहे. आपल्याकडे बैलजोडी बाळगणारा शेतकरी सुगीनंतर कडब्याची गंजी रचतो, कारण उन्हाळाभर बैल काय खाणार हे त्याला आधी बघावं लागतं. उत्तरेतल्या माणसाची गंजी म्हणजे वाळवलेला मासा. फरक इतकाच की तिथे उन्हाळ्यात साठवायचं आणि हिवाळ्यात खर्चायचं.

युकॉन नदीत उन्हाळ्यात सॅमन मासा समुद्रातून वर चढतो. काही आठवडेच, पण प्रचंड संख्येने. नदीकाठच्या छावण्यांत घरातली सगळी माणसं, बायका आणि मुलं धरून, मासे कापून बांबूसारख्या आडव्या दांड्यांवर वाळत घालत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथे माशांचं चाक आलं. नदीच्या प्रवाहानेच फिरणारं, टोपल्या लावलेलं हे चाक रात्रंदिवस आपोआप मासे उपसतं. कुत्र्यांच्या टीम मोठ्या व्हायला या चाकाचा मोठा हातभार लागला.

हिशोब करून बघू. काम करणाऱ्या कुत्र्याला दिवसाला साधारण एक वाळलेला सॅमन लागतो. सात कुत्र्यांची टीम आणि दोनशे दिवसांचा हिवाळा धरला तर चौदाशे मासे झाले. एका कुटुंबाने, स्वतःच्या खाण्याशिवाय, एवढे मासे पकडून, कापून, वाळवून ठेवायचे. किनाऱ्यावर माशाऐवजी सील आणि वॉलरसचं मांस.

आता दुसरा हिशोब, प्रवासाचा. वाळलेला मासा पाऊण किलोचा धरला तर सात कुत्री दिवसाला पाच किलोच्या वर खाणार. वीस दिवसांचा प्रवास म्हणजे शंभर किलोहून अधिक मासा गाडीवर लादायचा, आणि माणसांचं खाणं, तंबू, चूल, कुऱ्हाड, माल हे वेगळंच. म्हणजे पल्ला जितका लांब, तितकी गाडी स्वतःचंच इंधन ओढत बसणार. यावर तोड दोनच: वाटेत शिकार करायची, किंवा वाटेत आधीच साठे ठेवायचे.

## जुंपायचं कसं आणि हाकायचं कसं

गाडी हाकणाऱ्याला मशर म्हणतात. त्याच्या हातात लगाम नसतो. सगळा कारभार तोंडी: ‘जी’ म्हटलं की उजवीकडे, ‘हॉ’ म्हटलं की डावीकडे. हे ऐकतो तो म्होरक्या कुत्रा, बाकीचे त्याच्या मागे. म्होरक्यामागची जोडी वळण नीट घ्यायला मदत करते, आणि गाडीलगतच्या जोडीत सर्वांत दणकट कुत्री असतात, कारण गाडी जागची हलवायचं आणि वळणावर सावरायचं काम त्यांच्याकडे.

जंगलात वाट अरुंद, म्हणून कुत्री जोडीजोडीने मधल्या लांब दोरीला बांधतात. उघड्या समुद्री बर्फावर इनुइट लोक प्रत्येक कुत्र्याला स्वतंत्र दोरी देतात आणि सगळे पंख्यासारखे पसरून धावतात. यात वजन विखुरतं. एखादा कुत्रा भेगेत पडला तरी बाकीचे ओढले जात नाहीत. तोटा एकच, दोऱ्यांचा होणारा गुंता. तो उणे तीसमध्ये, हातमोजे काढून सोडवायचा.

गाडीचंही तसंच. इनुइटांची कमुतिक ही स्लेज खिळ्यांनी न ठोकता चामड्याच्या दोऱ्यांनी बांधलेली असते, त्यामुळे उंचसखल बर्फावर ती मोडत नाही, लवते. लाकूड दुर्मीळ असलेल्या भागात नेटसिलिक या इनुइट गटाने तर मासे ओल्या कातड्यात गुंडाळून, गोठवून, त्यांचेच पट्टे गाडीला लावले. वेळ आलीच तर गाडी खाताही यायची!

आणि मशर गाडीत आरामात बसून असतो ही समजूत सोडून द्यावी. ताजा बर्फ पडला की त्याला बर्फात चालायचे रुंद जाळीदार जोडे घालून टीमच्या पुढे जावं लागतं आणि पायांनी वाट दाबत न्यावी लागते. चढावर तो मागून ढकलतो. बाकी वेळ मागच्या पट्ट्यांवर उभा राहतो नाहीतर शेजारून धावतो.

## रोज नेमकं काय ओढायचे?

शर्यती आणि मोहिमा सोडल्या तर गाडीवर बहुतेक वेळा सरपण आणि पाण्यासाठीचा बर्फ असे. वस्तीजवळची लाकडं संपली की सरपण दूरवरून आणावं लागे. सापळे लावणारा माणूस आपल्या सापळ्यांच्या रांगेवर फेरी मारे, आणि कुत्र्यांमुळे ती रांग लांबवता येई. शिकारीत कुत्र्याचं नाक कामाला येई: सील श्वास घ्यायला बर्फात जे भोक राखून ठेवतो, ते वरच्या बर्फाने झाकलेलं असलं तरी कुत्रा हुंगून शोधतो. अस्वल आलं तर त्याला घेरून धरतो. वादळात काही दिसेनासं झालं की म्होरक्या घरची वाट काढतो. उन्हाळ्यातही हीच कुत्री पाठीवर पिशव्या लादून चालत.

टपाल हा सरकारी व्यवस्थेचा कणा होता. अलास्काच्या दक्षिणेकडच्या सुअर्ड बंदरापासून पश्चिम किनाऱ्यावरच्या नोमपर्यंतच्या वाटेची १९०८ मध्ये पाहणी झाली आणि पुढच्या काही वर्षांत ती मोकळी करून खुणा लावल्या गेल्या. वाटेत साधारण एकेका दिवसाच्या अंतरावर मुक्कामाची घरं उभी राहिली. तिथे माणसाला जेवण, झोपायला जागा आणि कुत्र्यांना मासा मिळे. वर मांडलेला वीस दिवसांचा हिशोब या घरांनी सोडवला. टपालाच्या गाडीला वाटेवर पहिला मान, बाकीच्यांनी बाजूला व्हायचं.

या व्यवस्थेची परीक्षा १९२५ च्या जानेवारीत झाली. नोममध्ये घटसर्पाची साथ आली. गावात एकच डॉक्टर, कर्टिस वेल्च, आणि त्यांच्याकडची लस मुदत संपलेली. (लस म्हटलं तरी खरं तर ते रोगाचं विष मारणारं औषध, सेरम.) समुद्र गोठलेला, म्हणजे जहाज नाही. त्या हिवाळ्यात विमानाचाही भरवसा नव्हता. अँकरेजहून सेरम रेल्वेने नेनानापर्यंत आणलं आणि तिथून सुमारे १,०८५ किलोमीटर कुत्र्यांवर. वीस मशर, दीडशेच्या आसपास कुत्री, साडेपाच दिवस. एरवी टपालाला याच्या कितीतरी पट वेळ लागे.

बाल्टो नावाचा कुत्रा शेवटच्या टप्प्यावर नोममध्ये शिरला. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये त्याच वर्षी त्याचा पुतळाही उभा राहिला. लिओनार्ड सेपाला आणि त्यांचा म्होरक्या टोगो यांनी, सेरम घ्यायला पुढे जाणं धरून, सुमारे ४२० किलोमीटर कापले आणि टोगोला तेवढी प्रसिद्धी मिळाली नाही, ही चुटपुट अनेकांना लागते. मला तिसरीच गोष्ट महत्त्वाची वाटते. त्या वीस जणांत बरेच जण अथाबास्कन आणि इतर स्थानिक होते, रोजचं टपाल वाहणारे होते. वाट आखलेली होती, मुक्कामाची घरं होती, घरात चूल पेटलेली होती. शौर्य होतंच, पण ते उभं होतं तयार यंत्रणेवर.

## आणि यंत्रणा नसेल तर?

कॅनडाचे घोडेस्वार पोलीस दर हिवाळ्यात फोर्ट मॅकफर्सन आणि डॉसन यांच्यामध्ये कुत्र्यांवरून गस्त घालत. १९१० च्या डिसेंबरात इन्स्पेक्टर फ्रान्सिस फिट्झगेराल्ड तीन साथीदार आणि पंधरा कुत्री घेऊन निघाले. वेळेचा विक्रम करायचा म्हणून शिधा कमी घेतला. वाट माहीत असलेला स्थानिक ग्विचिन माणूस वाटेत सोबतीला होता, त्याला परत पाठवलं. ज्याच्या भरवशावर निघाले, तो साथीदार ही वाट पूर्वी एकदाच आणि तीही उलट दिशेने चालला होता.

डोंगर ओलांडायचा नाला सापडेना. शोधण्यात दिवस गेले, शिधा संपला, परत फिरले. मग एकेक कुत्रं मारून खायची वेळ आली. कुत्र्यांना कुत्र्याचं मांस घातलं तर ती खाईनात. जितकी कुत्री कमी, तितका वेग कमी, आणि तितकी भूक जास्त. फोर्ट मॅकफर्सनपासून सुमारे ४० ते ५५ किलोमीटरच्या टापूत चौघेही मेले. डेम्प्स्टर नावाच्या पोलिसाच्या तुकडीला मार्च १९११ मध्ये त्यांचे मृतदेह सापडले. त्यानंतर या वाटेवर साठ्याच्या झोपड्या उभारल्या आणि स्थानिक वाटाड्या सोबत घेणं सुरू झालं.

## हे सगळं क्रूर नव्हतं का?

काही अंशी होतं, आणि ते झाकण्यात अर्थ नाही. चाबूक होता, उपासमार होती, म्हातारं किंवा लंगडं कुत्रं मारून टाकलं जाई. ग्रीनलँडमध्ये त्याच्या कातड्याचे कपडे होत. दुष्काळात माणसांनी कुत्री खाल्ली.

पण कुत्र्याला ओढायला बळजबरी करावी लागते, ही शंका मात्र बरोबर नाही. पिढ्यान्‌पिढ्या ओढणारी कुत्रीच निवडून वाढवली गेली आहेत. जुंपल्यावर ती इतकी उतावीळ होतात की गाडी खुंटाला बांधून ठेवावी लागते, नाहीतर मशर चढायच्या आत निघून जाईल. उपाशी किंवा जखमी कुत्रा ओढू शकत नाही, आणि टीम थांबली तर माणूसही मरतो. त्यामुळे निदान हिवाळ्यात तरी कुत्र्याचं पोट आणि पंजे सांभाळण्यावाचून मशरला गत्यंतर नव्हतं.

## मग ही गाडी गेली कुठे?

कार्ल बेन आयल्सन यांनी फेब्रुवारी १९२४ मध्ये फेअरबँक्सहून मॅकग्राथला विमानाने टपाल नेलं. कुत्र्यांना जिथे अठरा-वीस दिवस लागत, तिथे तीन तासही लागले नाहीत. टपालाचे ठेके एकेक करून विमानांकडे गेले. अमेरिकेतला कुत्र्यांवरून टपाल नेण्याचा शेवटचा नियमित मार्ग १९६३ मध्ये बंद झाला. कॅनडाच्या पोलिसांनी शेवटची गस्त १९६९ मध्ये घातली.

घरगुती वापर संपवला तो स्नोमोबाइलने, म्हणजे बर्फावर चालणाऱ्या मोटारसायकलीने. बॉम्बार्डिए यांची स्की-डू १९५९ मध्ये बाजारात आली आणि दहा-पंधरा वर्षांत चित्र पालटलं. उन्हाळ्यात तिला खायला घालावं लागत नाही! चौदाशे मासे वाचले. पण पेट्रोलला आणि सुट्या भागांना रोख पैसा लागतो. मासा पकडून ते मिळत नाहीत. आतापर्यंत स्वतःच्या श्रमावर चालणारा प्रवास पगारावर अवलंबून झाला.

कॅनडाच्या पूर्व आर्क्टिकमध्ये आणखी एक गोष्ट घडली. १९५० ते १९७० च्या दशकांत इनुइट कुटुंबांना शाळा, भत्ते, दवाखाना यांच्यासाठी कायमच्या वस्त्यांत आणलं गेलं. वस्तीत मोकळी कुत्री नकोत असा नियम होता, आणि नियमाबाहेर सापडलेली कुत्री पोलीस व इतर अधिकारी गोळ्या घालून मारत. सरकारी बाजूने सांगितलं गेलं की रोगराई होती, मुलांवर हल्ले होत. त्यात तथ्यही होतं. पण कुत्री गेली की त्या माणसाला शिकारीला जाता येत नव्हतं, त्याला वस्तीतच बसावं लागत होतं, याचा विचार कुणी केला नाही. पूर्व आर्क्टिकमधल्या किकिक्तानी भागातल्या इनुइटांच्या सत्यशोधन आयोगाने २०१० मध्ये या साऱ्याची नोंद केली. क्युबेक प्रांताच्या सरकारने २०११ मध्ये उत्तरेकडच्या इनुइटांपुढे चूक मान्य केली, केंद्र सरकारने किकिक्तानी भागासाठी २०१९ मध्ये आणि नुनाविकसाठी, म्हणजे उत्तर क्युबेकसाठी, २०२४ मध्ये माफी मागितली.

## मग लष्कराला आजही कुत्री कशाला?

डेन्मार्कचं ते पथक म्हणजे सिरियस. १९४१ मध्ये जर्मनांची हवामान केंद्रं शोधण्यासाठी जी गस्त सुरू झाली, तिचं हे पुढचं रूप. ईशान्य ग्रीनलँडच्या राष्ट्रीय उद्यानात दोन माणसं आणि अकरा ते पंधरा कुत्री अशी एकेक गाडी महिनोन्‌महिने फिरते. ते उद्यान महाराष्ट्राच्या तिपटीहून मोठं आहे आणि तिथे कायमची वस्ती नाही. डेन्मार्कचे आताचे राजे फ्रेडरिक युवराज असताना २००० साली चार महिन्यांच्या अशा मोहिमेत सुमारे २,८०० किलोमीटर फिरले होते.

इतक्या निर्मनुष्य ठिकाणी स्नोमोबाइलचं इंजिन बिघडलं तर दोन माणसं तिथेच संपतात. तेरातलं एक कुत्रं लंगडलं तर बाकी बारा चालतात. रात्री तंबूजवळ अस्वल आलं तर इंजिन भुंकत नाही. साठ्याच्या झोपड्या इथेही आहेत, त्याच जुन्या हिशोबाने. आक्रमण थोपवायला हे पथक उपयोगी नाही हे खरं, पण ते त्याचं कामच नाही. एवढ्या मोठ्या किनाऱ्यावर आपला माणूस फिरतो आहे, हे दाखवणं आणि कोण आलं-गेलं ते पाहणं, एवढंच त्याच्याकडे आहे.

सिरियस टिकेल. अडचण आहे ती साध्या शिकाऱ्याची. ग्रीनलँडच्या पूर्व किनाऱ्यावर आणि पश्चिमेला ध्रुववृत्ताच्या उत्तरेला, जातीची शुद्धता राखण्यासाठी गाडीच्या कुत्र्यांशिवाय दुसरी कुत्री आणायला कायद्याने बंदी आहे. तरीही २००२ मध्ये सुमारे २५,००० असलेली ही कुत्री २०२० पर्यंत १३,००० च्या घरात आली. पश्चिम ग्रीनलँडमधल्या उम्मनाकसारख्या ठिकाणी माणसं अजून गाडी घेऊन समुद्राच्या बर्फावर जातात, भोक पाडून हॅलिबट मासा पकडतात आणि त्यातलाच वाटा कुत्र्यांना घालतात. पण बर्फ उशिरा धरतो आणि लवकर फुटतो. बर्फ नसला तरी कुत्र्यांचं पोट वर्षभर भरावंच लागतं. तेव्हा शिकारी होडीचा हप्ता आणि कुत्र्यांचा खुराक यांची बेरीज मांडतो, आणि टीममधली निम्मी कुत्री कमी करतो.